हामटा खिंड, जूनचा पाऊस आणि कोरड्या कपड्यांचा जोड

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा. तुम्ही नाशिकचे चौघे मित्र, दहा-बारा वर्षे सह्याद्रीत भटकलेले, गेल्या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात स्वतःचे तंबू, शिधा आणि शेगडी पाठीवर घेऊन हिमाचलातील हामटा खिंडीकडे गेलात. वाटेवरचा चिका हा मुक्काम सोडल्यापासून पाऊस लागला, खिंडीखालच्या बालू का घेरा या मुक्कामी दोन रात्री तंबूत बसून काढाव्या लागल्या, तिसऱ्या दिवशी सकाळी उघडीप दिसली म्हणून नऊ वाजता निघालात आणि खिंडीच्या तासभर अलीकडे बर्फ पडू लागला. एका मित्राला जॅकेटची चेन ओढता येईना, तो अडखळत बोलू लागला, म्हणून तुम्ही परत फिरलात. यंदा पुन्हा जायचे आहे. तेव्हा कोणता रेनकोट घ्यावा, कोणता तंबू घ्यावा आणि आमचे चुकले काय, असे तुम्ही विचारले आहे.

मी उत्तर उलट क्रमाने देतो, कारण रेनकोट आणि तंबू या गोष्टी शेवटी येतात. उन्हाळ्यात हिमालयात गट घेऊन जाण्याचे काम मी वीस वर्षांहून अधिक काळ करतो आहे आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या तयारीच्या भटक्यांबद्दल एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली आहे. त्यांचे पाय कणखर असतात, दमसास चांगला असतो, रस्ता शोधण्याची नजर असते. पण भिजण्याची भीती नसते. ही भीती नसणे सह्याद्रीने शिकवलेले आहे. जुलैमध्ये आपण कळसूबाईवर चढतो तेव्हा माथा १,६४६ मीटरवर असतो, पाऊस धो धो कोसळत असला तरी हवा साधारण वीस अंशांच्या आसपास असते, अंगावरचा टी-शर्ट दिवसभर ओला राहतो, आणि संध्याकाळी बारी गावात गरम चहा घेतला की सगळे विसरले जाते. रेनकोट सॅकमध्येच ठेवून मुद्दाम भिजत चालणे हा तर आपल्याकडे आनंदाचा भाग आहे. असे शंभर ट्रेक केले की भिजल्याने काही होत नाही असे शरीर आणि मन दोघेही मानू लागतात. हामटाच्या पावसात हीच समजूत माणसाला संकटात नेते. तुमचा मित्र ज्या अवस्थेत पोहोचला तिथपर्यंत त्याला बर्फाने नेले नाही; आधीच्या दोन दिवसांत तो ओला झाला होता आणि ओलाच राहिला होता, बर्फाने फक्त शेवटचा धक्का दिला.

आता थोडा हिशेब पाहू. उंची हजार मीटरने वाढली की हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि हामटा खिंड सुमारे ४,२७० मीटरवर. म्हणजे दोन्हींत साधारण चौदा अंशांचा फरक पडतो. जूनमध्ये पावसाळी दिवशी मनालीत पंधरा अंश असतील तर तिथे माणूस एका स्वेटरवर फिरतो, पण त्याच वेळी खिंडीत तापमान शून्याच्या जवळ असते आणि मनालीतला पाऊस तिथे बर्फ होऊन पडत असतो. बालू का घेरा सुमारे ३,६०० मीटरवर आहे. तिथे त्या दिवशी चार-पाच अंश असतात आणि पडतो तो पाऊसच. माझ्या मते हीच सर्वांत वाईट स्थिती होय. कोरडा भुरभुरणारा बर्फ अंगावरून झटकता येतो. चार अंशांतला पाऊस शिवणीतून, बाहीतून, मानेवरून आत उतरतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने शरीराची ऊब ओढून घेते, आणि त्यात वारा असला की ही ओढ आणखी वाढते. पाऊस, वारा आणि पाच अंश हे तीन एकत्र आले तर थकलेल्या आणि उपाशी माणसाला गारठून जायला रात्र लागत नाही, दुपारचे दोन-तीन तासही पुरतात.

शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की त्या स्थितीला हायपोथर्मिया म्हणतात. पुस्तकात ही व्याख्या सोपी वाटते, पण डोंगरात कोणी थर्मामीटर लावत नाही, म्हणून खुणा ओळखाव्या लागतात. प्रथम हुडहुडी भरते. मग बोटांची बारीक कामे जमेनाशी होतात: चेन, नाडी, काड्यापेटी. मग माणूस गप्प होतो किंवा शब्द चघळत बोलतो, सपाट वाटेवर ठेचकाळतो, मागे पडतो आणि विचारले तर ठीक आहे म्हणतो. या शेवटच्या उत्तरावर कधीही विश्वास ठेवू नका, कारण गारठलेल्या माणसाची विचारशक्तीच आधी मंदावते आणि आपण गारठलो आहोत हे त्यालाच कळत नाही. हुडहुडी आपोआप थांबली आणि माणूस शांत झाला, तर ती सुधारणा नव्हे. शरीराने ऊब निर्माण करणे सोडले असा त्याचा अर्थ आहे आणि तिथून पुढे प्रत्येक मिनिट मोलाचे असते. तुम्ही चेनच्या टप्प्यावर परत फिरलात हे तुम्ही केलेले सर्वांत योग्य काम होते. ते उशिरा झाले, पण झाले.

अशा वेळी काय करायचे तेही इथेच सांगतो. आधी वाऱ्याआड थांबा, तंबू नुसता अंगावर ओढून घ्यावा लागला तरी चालेल. ओले कपडे काढून कोरडे घाला, खाली कॅरीमॅट घाला कारण जमीन ऊब शोषते, माणसाला स्लीपिंग बॅगमध्ये घाला आणि शक्य असेल तर दुसरा कोरडा माणूस त्याच्या लगत ठेवा. गरम पाण्याच्या बाटल्या मोज्यात गुंडाळून काखेत आणि जांघेत ठेवा. तो शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तरच गरम आणि भरपूर गोड पेय द्या. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका. हुडहुडी थांबलेल्या माणसाला हालचालीने ऊब येईल म्हणून चालवू नका. त्याला हळुवारपणे आडवे ठेवा आणि मदत मागवा.

जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रताल मार्गावर २२ जणांचा एक गट परतीच्या वाटेवर वादळी वाऱ्यात आणि बर्फात सापडला आणि त्यांतील ९ जण मृत्युमुखी पडले. तारखा जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या होत्या, म्हणजे मैदानात उष्णतेची लाट चालू असतानाच्या. त्या गटातले बहुतेक जण कर्नाटकातले होते, म्हणजे आपल्यासारखेच गरम हवेच्या प्रदेशातून आलेले. त्या दुर्घटनेबद्दल लांबून निवाडा देण्याचा मला अधिकार नाही आणि देणारही नाही. पण भर उन्हाळ्यात, चार हजार मीटरवर, काही तासांच्या वाईट हवेने काय होऊ शकते, हे त्यानंतर कुणालाही वेगळे पटवून द्यावे लागू नये, एवढे मला वाटते.

मी स्वतः हा धडा दुसऱ्या रीतीने शिकलो. गट घेऊन जाऊ लागलो त्या सुरुवातीच्या काळात एका जूनमध्ये आम्ही एका खिंडीखाली अडकलो होतो. पहिल्या दिवशी चालतानाचे कपडे भिजले, म्हणून संध्याकाळी आम्ही सर्वांनी झोपण्यासाठी ठेवलेले कोरडे कपडे घातले, जे योग्यच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबलेला होता. ओले, थंडगार कपडे पुन्हा अंगावर चढवण्याची कोणाची इच्छा होईना. मीही नको म्हणालो नाही, आणि आम्ही कोरडे कपडे घालूनच निघालो. अकरा वाजता पुन्हा पाऊस आला. त्या संध्याकाळी सहा माणसांच्या सहा सॅकमध्ये मिळून एकही कोरडा सदरा उरला नव्हता. आमच्यातली एक मुलगी त्या रात्री तुमच्या मित्रासारखीच अडखळत बोलू लागली. तिला दोन स्लीपिंग बॅगमध्ये घालून, रात्रभर पाणी गरम करत आम्ही तिला सावरले. स्लीपिंग बॅगा कोरड्या होत्या म्हणून ते जमले. त्या रात्रीपासून माझ्या गटात एक नियम आहे आणि तो मी कोणासाठीही मोडत नाही: कोरड्या कपड्यांचा एक जोड फक्त तंबूत घालायचा, तो घालून तंबूबाहेर पाऊल टाकायचे नाही, आणि सकाळी कितीही नकोसे वाटले तरी ओलेच कपडे चढवून चालायला लागायचे. पहिली दहा मिनिटे फार त्रास होतो. नंतर चालण्याच्या उबेने ते कपडे सहन होण्याजोगे होतात, विशेषतः ते सुती नसतील तर.

या जोडात काय असावे? एक लोकरी किंवा सिंथेटिक आतला जोड, जाड लोकरी मोजे, कानटोपी आणि पातळ हातमोजे. एवढे सगळे जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून आणि दुमडून बांधलेले, आणि ती पिशवी स्लीपिंग बॅगच्या पिशवीशेजारी सॅकच्या तळाशी. सॅकला वरून घालायच्या रेनकव्हरवर फार भिस्त ठेवू नका. ते वाऱ्याने उडते, आणि पाठीला टेकलेल्या बाजूने तर पाणी तसेही आत येते. सॅकच्या आत मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी घालून सगळे सामान त्या पिशवीतच भरायचे हा उपाय स्वस्त आहे आणि तोच टिकतो. तुम्ही कळवलेल्या सामानाच्या यादीत रेनकव्हर चांगल्या कंपनीचे दिसते, पण आतली पिशवी नाही, आणि दोन स्लीपिंग बॅगा ओल्या झाल्याचेही तुम्हीच लिहिले आहे. चूक कुठे झाली असे विचारलेत, तर माझे पहिले बोट इथे आहे.

रेनकोटाबद्दल तुमचे मत पोंचोच्या, म्हणजे डोक्यातून घालायच्या घोळदार रेनकोटाच्या, बाजूचे दिसते, कारण तो सॅकसकट झाकतो आणि आत हवा खेळती राहते. चिकापर्यंतच्या झाडीत तो खरोखर चांगला. पण त्याच्या वर झाडांचा आडोसा संपत जातो आणि वारा पोंचोला शिडासारखा फुगवतो. शिवाय खडकांवर उतरताना त्याच्या घोळामुळे पुढचे पाऊल दिसत नाही. चार हजार मीटरच्या आसपास जायचे असेल तर टोपी असलेले, शिवणी चिकटपट्टीने बंद केलेले जॅकेट आणि तशीच पँट घ्या. पँट बहुतेक जण टाळतात. ओल्या मांड्यांमधून किती ऊब जाते याचा अंदाज त्यांना नसतो. जीन्स आणि सुती ट्रॅकपँट घरीच ठेवा. रेनकोट पाऊस सुरू होण्याआधी, पहिल्या थेंबांच्या वेळीच चढवायचा असतो. आपल्याला बघू, वाढला तर घालू अशी सवय असते आणि त्या दहा मिनिटांत आतले कपडे भिजून जातात.

तंबूचे तर फार थोडे सांगण्यासारखे आहे. दोन थरांचा, बाहेरचा थर जमिनीपर्यंत येणारा, बाजूंच्या ताणदोऱ्या शाबूत असलेला कोणताही चांगला तंबू चालेल. महत्त्वाची आहे जागा. बालू का घेरा या नावातच वाळू आहे. ते नदीने आणून पसरलेल्या वाळू-गोट्यांचे सपाट पात्र आहे आणि तंबूसाठी ते आकर्षक दिसते. पण त्या सपाटीतून जुन्या पाण्याच्या वाटा गेलेल्या असतात आणि रात्रभर पाऊस झाला की त्या पुन्हा वाहू लागतात. तंबू ठोकण्याआधी पाच मिनिटे फिरून गोल गोट्यांच्या रांगा कुठून जातात ते पाहा आणि त्यांच्यापासून दूर, दोन-चार हात उंचवट्यावर जागा घ्या. उतारावरून दगड सुटण्याच्या टापूतही नको. तंबूभोवती चर खणू नका. त्याने कुरणाची जखम वर्षानुवर्षे भरत नाही आणि जागा योग्य असेल तर चराची गरजही पडत नाही. रात्री बर्फ पडू लागला तर दर दोन तासांनी उठून आतून थापट्या मारून तो पाडावा लागतो, नाहीतर दांड्या वाकतात आणि खालच्या फटी बंद होऊन हवा कोंदते. शेगडी बंद तंबूत पेटवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, आणि थंडीत दार लावून चहा करण्याचा मोह फार मोठा असतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

शिध्याबद्दल एकच वाक्य पुरे झाले असते, पण वाईट हवेत ते वाक्य फार वजनाचे ठरते: थांबून जेवायची सोय होणार नाही असे धरूनच शिधा भरा. खिशात चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू ठेवा आणि दर तासाला चालता चालता खा. शरीराला ऊब निर्माण करायला इंधन लागते आणि उपाशी माणूस आधी गारठतो. चार हजार मीटरवर पाणी सुमारे ८७ अंशांनाच उकळते, त्यामुळे कच्ची डाळ शिजवण्यात गॅस संपवू नका. पोहे, भाजलेल्या रव्याचे तयार पीठ, मेतकूट आणि पटकन शिजणारा तांदूळ न्या. गॅसचा डबा रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, कारण ब्यूटेन शून्याच्या आसपास नीट पेटत नाही.

आता हवा ओळखण्याकडे येतो, कारण तुम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी जी उघडीप पाहिली तिचे वाचन चुकले होते. या भागात जूनमध्ये तीन तऱ्हेची वाईट हवा असते आणि तिन्हींशी वागण्याची रीत वेगळी आहे. पहिली म्हणजे दुपारचे ढग: सकाळी निरभ्र, अकरा-बारानंतर ढग वाढतात, दोन-तीनच्या सुमारास गडगडाट, सर, कधी गारा, आणि संध्याकाळी पुन्हा उघडीप. हिच्यावर उपाय लवकर निघण्याचा. दुसरी म्हणजे पश्चिमी विक्षोभ, भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारी वाऱ्या-ढगांची प्रणाली, जी साधारण दोन-तीन दिवस पाऊस-बर्फ देते आणि निघून गेल्यावर स्वच्छ थंड दिवस मागे ठेवते. हिच्यावर उपाय थांबण्याचा. तिसरी म्हणजे मान्सून, जो हिमाचलात सामान्यतः जूनच्या शेवटच्या आठवड्यात पोहोचतो, आणि त्याच्याशी थांबून जिंकता येत नाही. पुढच्या उघडिपीची खात्रीच नसते. तुम्ही गेलात तो आठवडा नेमका मान्सूनच्या आगमनाचा होता. पावसात तासाभराची फट पडणे आणि हवा पालटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हवा खरोखर पालटली का, हे कसे ओळखावे? हवामान खात्याचे अंदाज मनाली सोडेपर्यंत रोज पाहा आणि नोंदवून ठेवा, कारण जिथून चालणे सुरू होते त्या जोबराच्या पुढे मोबाईलला रेंज मिळेल असे धरून चालता येत नाही. तिथून पुढे डोळे आणि घड्याळ. वायुदाबावर उंची दाखवणारे घड्याळ असेल तर रात्री तंबूत पोहोचल्यावर आकडा लिहून ठेवा. तुम्ही जागचे हललेला नसताना सकाळी उंची तीस-चाळीस मीटर वाढलेली दिसली तर दाब घसरला आहे आणि हवा बिघडणार आहे. उंच आकाशात पिसासारखे ढग पसरून सूर्याला किंवा चंद्राला खळे पडले तर एक-दोन दिवसांत प्रणाली येण्याची शक्यता धरा. आपल्याकडची जुनी माणसेही खळे पाहून पावसाचा अंदाज बांधतात, आणि त्यामागचे कारण तेच आहे. हामटा ही गद्दी मेंढपाळांची खिंडीपलीकडच्या लाहौलकडे कळप नेण्याची जुनी वाट आहे. वाटेत त्यांचा डेरा दिसला तर बसा, चहा घ्या, विचारा. ते आज कळप हलवत नसतील तर तुम्हीही हलू नका. माझ्या इतक्या वर्षांत या एका सल्ल्याने मला जितके वाचवले तितके कोणत्याही उपकरणाने नाही. सॅटेलाइट फोनचा विचार तुम्ही लिहिला आहे. आपल्या देशात परवान्याशिवाय तो बाळगणे बेकायदेशीर आहे, तेव्हा ते सोडून द्या आणि त्याऐवजी वाट जाणणारा एक स्थानिक माणूस सोबत घ्या. सामान पाठीवर स्वतःचेच असू द्या, पण तो माणूस असू द्या.

खिंडीच्या दिवशी नऊ वाजता निघणे ही दुसरी मोठी चूक होती, आणि उघडीप उशिरा झाली हे कारण तिला पुरत नाही. बालू का घेरापासून खिंडीपर्यंत सुमारे पावणेसातशे मीटरची चढाई आहे. भरलेल्या सॅकसह, नुकत्याच पडलेल्या बर्फात, चार ते पाच तास सहज लागतात. म्हणजे नऊला निघालेला गट एक-दोनच्या सुमारास, ढग आणि विजांच्या ऐन वेळी, सर्वांत उघड्या जागी पोहोचतो. पहाटे चार-साडेचारला निघून नऊच्या आत खिंड गाठायची आणि दहापर्यंत ती सोडायची, हे जमत नसेल तर तो दिवस खिंडीचा नाही असे समजा. आदल्या रात्री सर्वांनी मिळून परत फिरण्याची वेळ ठरवा आणि ती कागदावर लिहा. माझ्या गटात ती साडेदहा असते: साडेदहाला खिंड समोर शंभर पावलांवर दिसत असली तरी वळायचे. लिहायला यासाठी सांगतो की चार हजार मीटरवर, दमलेल्या अवस्थेत, माणूस स्वतःशी फार छान वाद घालतो. दुसरा नियम असा की चौघांपैकी कोणीही एकाने नको म्हटले तर गट वळतो, आणि त्याला कारण विचारायचे नाही. त्या दिवशीही नाही आणि नाशिकला परतल्यावरही नाही.

हामटाच्या बाबतीत वळण्याचा निर्णय खिंडीच्या अलीकडेच घ्यावा लागतो, हे नकाशावर लक्षात येत नाही. पलीकडच्या शिया गोरू या मुक्कामाकडे जाणारा उतार तीव्र आहे आणि जूनमध्ये त्यावर बर्फ असते. तो उतरल्यावर वादळात पुन्हा चढून अलीकडे येणे जवळपास अशक्य असते. मग पुढे लाहौलच्या रस्त्यावरील छतरूपर्यंत जाणे हाच मार्ग उरतो. दिलासा एवढाच की कुल्लूची बाजू हिरवी आणि पावसाची आहे, तर लाहौल पर्जन्यछायेत आहे, त्यामुळे खिंडीपलीकडे पाऊस पुष्कळदा विरळ होतो. वारा मात्र वाढतो.

विजांविषयी थोडक्यात. चमक आणि गडगडाट यांत तीन सेकंदांचे अंतर म्हणजे सुमारे एक किलोमीटर. अंतर तीस सेकंदांपेक्षा कमी झाले की धारेवरून आणि खिंडीवरून खाली सुटा, एकट्या मोठ्या खडकाला किंवा झाडाला टेकू नका, चालण्याच्या काठ्या बाजूला ठेवा, एकमेकांत अंतर ठेवा आणि उतरता येत नसेल तर मॅट किंवा सॅकवर पाय जुळवून उकिडवे बसा.

नाल्यांची बाब त्याहून महत्त्वाची आहे. हिमालयातला नाला दिवसाच्या वेळेनुसार बदलतो: पहाटे पाणी सर्वांत कमी, दुपारी बर्फ वितळून सर्वांत जास्त, आणि वरती पाऊस झाला तर कोणत्याही वेळी अचानक वाढणारे. सकाळी ज्या जागी पाणी पिंढरीपर्यंत होते तिथे चार वाजता ते मांडीपर्यंत असू शकते. शिया गोरूजवळचा प्रवाह म्हणूनच दुसऱ्या दिवशी सकाळी ओलांडावा, दमून उतरल्यावर संध्याकाळी नव्हे. ओलांडताना अनवाणी जाऊ नका, सॅकचा कमरपट्टा सोडून ठेवा म्हणजे पडल्यास ती काढून टाकता येईल, तोंड वरच्या बाजूला, म्हणजे पाणी येते त्या दिशेला, करून तिरपे सरका, आणि चौघे एकमेकांचे खांदे धरून चाला. वेगाचे पाणी गुडघ्याच्या वर येत असेल तर थांबा. बर्फाच्या पुलांना हाच नियम: पहाटे ते कडक असतात, दुपारी खालून पोकळ आणि वरून मऊ.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही काहीच विचारले नाही, पण तुमच्या पत्रात जी सर्वांत स्पष्ट दिसली, ती सांगतो. तुमची चंडीगडहून परतीची गाडी ठरलेली होती आणि तिसऱ्या दिवशी खिंड ओलांडली नसती तर ती चुकली असती. नऊ वाजता तुम्हाला बाहेर काढले ते उघडिपीने नव्हे, त्या तिकिटाने. यंदा वेळापत्रकात दोन मोकळे दिवस धरा आणि ते लागले नाहीत तर मनालीत घालवा. रजा कमी असेल तर छोटा मार्ग निवडा, पण मोकळे दिवस कापू नका. हे दिवस खिंडीनंतरही लागू शकतात. जुलै २०२३ मध्ये पश्चिमी विक्षोभ आणि मान्सून एकत्र आले तेव्हा बियास नदीने मनालीचे रस्ते वाहून नेले आणि लाहौलच्या बाजूच्या चंद्रताल सरोवराजवळच्या तंबूंत अडीचशेहून अधिक पर्यटक भर जुलैत बर्फामुळे अडकले. कुंझुम खिंडीच्या बाजूचा रस्ता मोकळा करून त्यांना काढावे लागले. म्हणून छतरूला उतरल्यावर हवा संशयास्पद असेल तर चंद्रताल सोडून द्या आणि ग्राम्फू-कोकसरमार्गे अटल बोगद्यातून मनाली गाठा. २०२० साली तो बोगदा झाल्यापासून रोहतांग खिंडीचा रस्ता बंद असला तरी ही वाट मिळू शकते. मात्र छतरू ते ग्राम्फू हा कच्चा तुकडा उघडा आहे का, याची चौकशी मनाली सोडतानाच करा.

यंदा जावे का? जरूर जा. तारखा मात्र अलीकडे आणा: १० ते २० जूनच्या दरम्यान, मान्सून पोहोचण्याआधी, खिंडीवर बर्फ अधिक असेल हे गृहीत धरून. बर्फावर चालण्याची सवय नसेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा अधिक सोयीचा. तेव्हा पाऊस ओसरलेला असतो, नाले उतरलेले असतात, आणि रात्री मात्र जूनपेक्षा कडक असतात. मनालीत एक संपूर्ण दिवस आणि चिकाला शक्य तर दोन रात्री काढा. गेल्या वेळी तुम्ही दोन दिवसांत बालू का घेरा गाठले होते. विरळ हवेचा त्रास आणि गारठा यांच्या सुरुवातीच्या खुणा एकमेकांत मिसळतात, आणि डोकेदुखी, मळमळ असलेला माणूस खात नाही, म्हणून लवकर गारठतो.

जाण्याआधी एक तालीम करा, आणि ती सह्याद्रीतच करा, कारण नाशिककरांच्या दाराशी इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस उभा आहे. सप्टेंबरची तारीख घेतलीत तर याच जुलैत. यंदाचा जून हुकला आणि पुढच्या जूनची घेतलीत तरीही याच जुलैत. एखाद्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन त्याच्या बांधाकडेला दोन रात्री तंबू ठोका. दिवसभर पूर्ण वजनाची सॅक घेऊन पावसात चाला, संध्याकाळी पावसातच तंबू उभारा, तंबूच्या बाहेरच्या ओसरीत ओले कपडे काढून कोरड्या जोडात आत शिरा, आणि सकाळी तो जोड काढून ओले कपडे पुन्हा घाला. दुसऱ्या संध्याकाळी चौघांच्या सॅका उघडून प्रत्येकाची स्लीपिंग बॅग आणि कोरडा जोड हाताने चाचपून पाहा. कोणाचीही एखादी वस्तू दमट लागली तर पिशवी बदला, बांधण्याची रीत बदला आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जा.